जाते, टाळ आणि उपासना : मराठी ख्रिस्ती गीताची घडण

मुरबाड तालुक्यातील सिद्धगडाच्या परिसरात, जिथे महादेव कोळी, ठाकर आणि कातकरी वस्त्या डोंगराच्या कुशीत विखुरलेल्या आहेत, तिथे पिठाच्या गिरण्या पोहोचेपर्यंत दिवस उजाडत असे तो जात्याच्या घरघरीने. एका हाताने खुंटा फिरवायचा, दुसऱ्या हाताने मूठमूठ नाचणी वैरायची आणि त्या फिरण्याच्या लयीवर ओवी म्हणायची, ही रीत सह्याद्रीच्या दोन्ही बाजूंना सारखीच होती. या ओवीत माहेर, भाऊ, लेकरू आणि देव एकाच श्वासात येतात. भक्तीसाठी वेगळी वेळ, वेगळी जागा वा वेगळी भाषा तिला लागत नाही. मराठी ख्रिस्ती उपासनागीताने, म्हणजे मंडळीने प्रार्थनेत एकत्र म्हणावयाच्या पदाने, हे सहजपण मिळवायला पुष्कळ काळ घेतला.

फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने गोव्यात राशोल येथे 1616 साली छापून घेतलेल्या ‘क्रिस्तपुराणा’त सुमारे अकरा हजार ओव्या आहेत. ही ग्रंथातली ओवी असली, आणि जात्यावरच्या ओवीपेक्षा तिची बांधणी वेगळी असली, तरी ऐकणाऱ्यांच्या कानाला ओळखीचा छंद निवडण्याचे शहाणपण स्टीफन्सने दाखवले. दोन शतकांनंतर आलेल्या प्रॉटेस्टंट मिशनऱ्यांना मात्र हाच धडा नव्याने गिरवावा लागला. अमेरिकन मराठी मिशनचे काम मुंबईत 1813 साली आणि अहमदनगरला 1831 साली सुरू झाले. हेन्री बॅलंटाइन यांच्यासारख्यांनी मराठी नीट आत्मसात करून गीते रचली, त्यांच्या श्रमांचे मोल कमी नाही. पण पाश्चात्य चालींचा साचा इंग्रजी शब्दांतील आघातांवर बेतलेला असतो, तर मराठी पद्य अक्षरसंख्येवर किंवा ऱ्हस्वदीर्घांच्या मात्रांवर चालते. त्यामुळे परक्या चालीत बसवताना ऱ्हस्व अक्षर ताणले जाई, दीर्घ आखडले जाई आणि अर्थ कळला तरी गीत ओठांवर रुळत नसे.

यातून वाट काढली ती नगरच्याच मंडळीतील लोकांनी. कृष्णाजी रत्नाजी सांगळे यांनी कीर्तनाची पद्धत, म्हणजे आधी तत्त्वनिरूपण करणारा पूर्वरंग आणि मग आख्यान लावून धरणारा उत्तररंग, बायबलमधील कथांसाठी वापरली. टाळ-मृदंगाला उपासनेत जागा मिळाली ती अशा प्रयत्नांमुळे. काही परंपराप्रिय मिशनऱ्यांना ते रुचले नसेल, असे मानायला हरकत नाही.

या प्रवाहाला खरी उंची दिली नारायण वामन टिळकांनी (1861–1919). रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावी जन्मलेल्या टिळकांचे 1869 ते 1873 पर्यंतचे शालेय शिक्षण मुरबाडकरांचे जवळचे शहर असलेल्या कल्याणात झाले. पुढे नाशिकला गणेशशास्त्री लेले यांच्याकडे त्यांनी संस्कृत काव्याचा अभ्यास केला. 1893 साली राजनांदगावच्या आगगाडीत एका मिशनऱ्याने त्यांना बायबल दिले आणि 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. तुकोबांच्या वाटेनेच आपण ख्रिस्तापाशी पोहोचलो, अशी त्यांची धारणा होती. ‘अभंगांजली’तील रचनांत ख्रिस्त वारकऱ्यांच्या विठ्ठलाप्रमाणे माउली होऊन येतो, भक्त हट्टी लेकरू होतो आणि दोघांमधले बोलणे घरातले असते. मराठी रसिक टिळकांना फुलामुलांचा कवी म्हणून ओळखतात, आणि बाण लागलेल्या पाखराची वेदना मांडणाऱ्या ‘केवढे हे क्रौर्य!’मुळे त्यांना ओळखणाऱ्या वाचकाला त्यांची उपासनागीते क्वचितच ठाऊक असतात. वस्तुतः दोन्हींचा झरा एकच आहे: अंगणातले फूल, रडणारे मूल आणि जखमी पाखरू यांच्याकडे पाहणारी नजरच प्रार्थनेतही जागी असते. टिळकांची सगळीच गीते सारखी सरस नाहीत. जिथे संस्कृत समासांची दाटी होते तिथे पंडित बोलतो, आणि जिथे आई-लेकराची भाषा येते तिथे मंडळी गाऊ लागते. मराठी मंडळ्यांच्या गीतसंग्रहात त्यांच्या पदांचा भरणा मोठा आहे, आणि ती प्रामुख्याने अभंगाच्या व भजनाच्या चालींवर म्हटली जातात.

त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई टिळक यांचे उदाहरण याहून बोलके आहे. शाळेचे तोंड न पाहिलेल्या या बाईंना अक्षरओळख नवऱ्याने करून दिली. घरकाम, पाहुणे, मुले आणि टिळकांचा लहरी स्वभाव यांच्या रगाड्यात त्यांची कविता उमलली. त्यांच्या संग्रहाचे ‘भरली घागर’ हे नाव त्याच जगातले आहे, आणि ‘स्मृतिचित्रे’ या आत्मकथनातली मिश्कील, बोलती मराठीही त्याच घरातली. टिळकांनी ख्रिस्तचरित्रावर ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य आरंभले, पण 1919 साली त्यांचा मृत्यू झाला तेव्हा त्याचे मोजकेच अध्याय हातावेगळे झाले होते. उरलेला फार मोठा भाग लक्ष्मीबाईंनी लिहून पुरा केला.