वाचन शिकवणाऱ्या ताई-दादांना तयार कसं करायचं? बडोद्याच्या 'बालसखी'पासून मिळालेले धडे

मूल चौथीत असतं, कविता तोंडपाठ म्हणतं. पण धड्यातल्या मधल्याच ओळीवर बोट ठेवलं की गप्प बसतं. अशा मुलांसाठी गावातली बारावी झालेली ताई किंवा निवृत्त गुरुजी शाळेत मदतीला येतात. शिकवतात मनापासून, पण स्वतः शिकले तसंच : फळ्यावर बाराखडी आणि सगळ्यांनी एका सुरात म्हणायचं. ही सवय बदलता येते.

बालसखी काय होती?

'प्रथम' संस्थेच्या या उपक्रमाची 2001 ते 2003 या काळात बडोदा आणि मुंबईच्या पालिका शाळांत शास्त्रशुद्ध तपासणी झाली. वस्तीतल्याच तरुणी तिसरी-चौथीतल्या मागे पडलेल्या 15-20 मुलांना रोज दोन तास वेगळं शिकवत. सुरुवातीला दोन आठवड्यांचं प्रशिक्षण आणि पुढे वर्षभर मार्गदर्शन मिळे. सर्वांत मागे असलेल्या मुलांचा फायदा जास्त झाला. तपासणाऱ्यांपैकी अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो यांना 2019 मध्ये नोबेल मिळालं.

आधी पातळी बघा

प्रत्येक मुलाला एकट्याला जवळ बसवून वाचायला द्यावं. 'असर' चाचणीत पाच पातळ्या आहेत : अक्षरही येत नाही, अक्षर, शब्द, पहिलीचा परिच्छेद, दुसरीची गोष्ट. एका मुलाला काही मिनिटं पुरतात. मग इयत्ता बाजूला ठेवून पातळीप्रमाणे गट करावेत.

तास कसा घ्यावा?

ताईंनी आधी शब्दाखाली बोट फिरवत गोष्ट वाचावी, मग मुलांनी एकेकट्याने. गोष्टीवर गप्पा व्हाव्यात. घरी कन्नड किंवा कोकणी बोलणाऱ्या मुलाला अर्थ त्याच भाषेत सांगू द्यावा. बाराखडीचा तक्ता घोकायला नको, खेळायला घ्यावा : 'मा' आणि 'ळा' शोधून 'माळा' करायचा. काना-वेलांटी पक्की झाल्यावर जोडाक्षरं. शेवटी दोन ओळी मुलाने स्वतःच्या मनाने लिहाव्यात. चुकलं तर लगेच शब्द सांगू नये, थोडं थांबावं.

नुसतं प्रशिक्षण पुरत नाही

बिहारमध्ये शिक्षकांना साहित्य आणि प्रशिक्षण देऊनही मुलांच्या वाचनात फरक पडला नाही. स्वयंसेवकांनी शाळेबाहेर वर्ग घेतले तिथे पडला. उत्तराखंडमध्ये स्वयंसेवक नेहमीच्या वर्गांवर शिक्षकांसारखे वापरले गेले आणि परिणाम दिसला नाही. हरियाणात वाचनासाठी रोजचा एक तास राखून ठेवला, पातळीप्रमाणे गट केले, अधिकारी वर्गात येऊन मदत करू लागले, तेव्हा भाषा सुधारली.

म्हणून शाळा समितीने तीन गोष्टी ठरवाव्यात. एक, वाचनाचा तास ठरलेला, त्यात दुसरं काम नाही. दोन, ताईंना बदली शिक्षक म्हणून वापरायचं नाही. तीन, अनुभवी माणसाने आठवड्यातून एकदा मागे बसून तास बघावा, एखादा भाग स्वतः घेऊन दाखवावा आणि पुढच्या वेळेसाठी एकच सुधारणा सुचवावी. दहा चुका काढल्या तर ताई पुन्हा बाराखडीच्या सुराकडे वळतील.

महिन्याने तीच चाचणी पुन्हा घ्यावी. शब्दावर अडलेलं मूल परिच्छेद वाचू लागलं की ताईंना पद्धत पटवून सांगावी लागत नाही.