शाळेतील भेदभाव आणि मुख्याध्यापकांचे कृती संशोधन

आपल्याच कामातील अडचण हेरायची, नोंदी ठेवून कारण शोधायचे, उपाय करून पाहायचा आणि फरक पडला का ते तपासायचे, याला कृती संशोधन म्हणतात. नाझी राजवटीमुळे जर्मनी सोडलेले ज्यू मानसशास्त्रज्ञ कुर्ट लेविन यांनी १९४६ साली ही पद्धत मांडली, तीही अल्पसंख्याकांच्या प्रश्नांवरील लेखात. बी.एड. झालेल्या शिक्षकांना ती माहीत असते. आपल्याला तर दुःख, कारण, निरोध आणि मार्ग हा क्रम ओळखीचाच आहे.

साताऱ्याच्या शाळेत बाल भीमरावांना घरून आणलेल्या गोणपाटावर वेगळे बसावे लागे आणि शिपाई नसला तर पाणी मिळत नसे. पुढे २० मार्च १९२७ रोजी आपल्या रायगड जिल्ह्यातील महाडला चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला. त्यामुळे पेण तालुक्यातील गागोदे बुद्रुक असो वा दुसरे कोणतेही गाव, शाळेत गेल्यावर आम्ही आधी पाण्याची जागा पाहावी असे म्हणतो.

मुख्याध्यापकांनी काय करावे?

१. प्रश्न एकच आणि नेमका घ्यावा. उदा. झाडलोट, पाणी भरणे ही कामे ठरावीक मुलांकडेच जातात का?
२. दोन आठवडे रोजची नोंद ठेवावी : काम कोणी केले, पोषण आहाराच्या पंगतीत कोण कुठे बसले, पुढच्या बाकांवर कोण होते. मुलांना उभे करून जात विचारू नये.
३. एकच बदल करावा. हजेरीपटाच्या क्रमाने सर्वांच्या पाळ्या लावाव्यात.
४. महिनाभराने तशीच नोंद घेऊन आधीच्या नोंदीशी ताडून पाहावी. फरक नसेल तर कारण पुन्हा शोधावे.

या नोंदी शाळा व्यवस्थापन समितीपुढे ठेवाव्यात. शिक्षण हक्क कायदा, २००९ नुसार समितीत ७५ टक्के सदस्य पालक आणि निम्म्या महिला असाव्या लागतात; वंचित घटकांतील पालकांनाही प्रमाणानुसार जागा आहेत. शाळेत भेदभाव होऊ न देणे ही याच कायद्याने शासनावर टाकलेली जबाबदारी आहे.

इथे कार्यकर्त्यांचे काम सुरू होते. आपल्या वस्तीतील पालक समितीत आहेत का, ते बैठकीला जातात का, हे पाहा. तक्रार घेऊन जाण्याआधी मुख्याध्यापकांना नोंदी ठेवण्याची विनंती करा. ‘आमच्या शाळेत असे काही नाही’ या उत्तरावर वाद घालण्यापेक्षा दोन आठवड्यांची वही उघडणे केव्हाही चांगले.

जय भीम!