बावीस अक्षरांचा वारसा

पाबळ म्हटले की मस्तानीची समाधी आठवते, तसा डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली सुरू केलेला विज्ञान आश्रमही आठवतो. हाताने काम करत विद्या शिकावी, ही त्या आश्रमाची रीत. शाळेतल्या मुलांना छंद, चरण, यमक, ध्रुपद हे शब्द अवघड वाटतात, तेव्हा हीच रीत कामी येते. वारकऱ्याच्या घरी हे सारे टाळाबरोबर आधीच आलेले असते; त्याचे शास्त्रातले नाव तेवढे ठाऊक नसते.

आरंभ ओवीचा. चालुक्य राजा सोमेश्वर याच्या ११२९ सालच्या ‘मानसोल्लास’ ग्रंथात, महाराष्ट्रातील स्त्रिया कांडण करताना ओवी गातात, अशी नोंद आहे. म्हणजे माउलींच्या आधी दीडशे वर्षे ओवी आयाबायांच्या मुखी होती. शके १२१२ मध्ये माउलींनी गीतेचा अर्थ सांगितला तो याच ओवीत. तिचे पहिले तीन चरण यमकाने जुळतात, चौथा आखूड आणि यमकाविना असतो. चरणातील अक्षरांचे बंधन मात्र सैल. जात्यावरची ओवी पुढेही आटली नाही. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यांत आपल्या शिरूर तालुक्यातील सविंदण्याच्याही आहेत.

अभंग हे ओवीचेच मोजून बांधलेले रूप मानतात. मोठ्या अभंगाच्या पहिल्या तीन चरणांत सहा-सहा अक्षरे, चौथ्यात चार, एकूण बावीस. नामदेवरायांच्या नावावरील एका अभंगात हेच माप सांगितले आहे: तिसऱ्या चरणापर्यंत अठरा, शेवटी बावीस. दुसरा आणि तिसरा चरण यमकाने बांधलेला असतो. लहान अभंगात आठ-आठ अक्षरांचे दोन चरण, दोन्हींच्या शेवटी यमक. हरिपाठाचा पहिला अभंग मोठ्या मापाचा आहे आणि त्याचा छंद ‘देवद्वार’ म्हणून ओळखला जातो. तो म्हणताना बोटे मोडून पाहावीत. जोडाक्षर एकच धरायचे: विठ्ठल तीन, ज्ञानेश्वर चार.

आता नाममुद्रा मोजू. ‘नामा म्हणे’, ‘तुका म्हणे’, ‘चोखा म्हणे’ ही चार अक्षरे. मोठ्या अभंगाच्या चरणात त्यापुढे दोनच अक्षरांना जागा उरते, लहान अभंगाच्या चरणात चार अक्षरांना. ‘ज्ञानदेव म्हणे’ ही मात्र सहा अक्षरे, म्हणजे अख्खा चरण. ‘एका जनार्दनी’ हीही सहाच. नाथमहाराजांनी एका चरणात शिष्य आणि गुरू दोघांना बसवले, तिसऱ्याला जागाच ठेवली नाही!

संतांची वाणी उत्स्फूर्त, तिला नियम कसले, असे पुष्कळ जण भक्तिभावाने म्हणतात. पंडित कवींच्या श्लोकात लघु-गुरूंचे गण काटेकोर सांभाळावे लागतात, तसे अभंगात नाही, हे खरे. ‘छंदोरचना’ लिहिणाऱ्या माधवराव पटवर्धनांनी, म्हणजे माधव जूलियन यांनी, वृत्त आणि छंद यांतला हा भेद उलगडून दाखवला: छंदात अक्षरांची संख्या महत्त्वाची, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नव्हे. म्हणून तर शाळेचे तोंड न पाहिलेल्या माणसालाही अभंग रचता आला, पाठ करता आला. नियम होता, पण तो दार अडवणारा नव्हता.

त्या नियमाने वाणी जपली. मोजून बसवलेला शब्द सहज निसटत नाही. निसटला तर टाळ चुकतो. तुकोबांचे अभंग आधी मुखी आणि वह्यांत राहिले. १८६९ ते १८७३ या काळात इंदुप्रकाश छापखान्याची गाथा निघाली, तेव्हा देहू, तळेगाव, पंढरपूर आणि कडूस येथील हस्तलिखिते ताडून पाहिली गेली. कडूस तर आपल्या शेजारच्या खेड तालुक्यातले. तुकोबांचे टाळकरी गंगारामबुवा मवाळ तिथलेच.

आज घरोघरी छोट्या पुस्तिका असतात. एखादे अक्षर गळते, एखादा शब्द बदलतो, आणि तेच पुढच्या पिढीच्या तोंडी बसते. चालीसाठी घेतलेला ‘गा’ किंवा ‘हो’ गाण्यात शोभतो, पण तो मूळ शब्दांत मिसळू नये. अक्षरे मोजणारा मुलगा म्हणेल, “आजोबा, या चरणात पाचच आहेत!” तेव्हा त्याला गप्प करू नये. लगेच दुरुस्तीही करू नये, कारण जुन्या पाठांत माप कुठे कुठे सैल असते. दोघांनी मिळून गाथा उघडावी आणि पाहावे.

परीक्षेत ‘चरण म्हणजे काय’ याला एखादा गुण मिळेल. पण ज्या शब्दाने आपण विठोबाच्या पायांना हाक मारतो, तोच शब्द कवितेच्या पायालाही आहे, हे मुलाला घरीच सांगावे. दोन्ही चरण घट्ट धरायचे असतात. रामकृष्ण हरी.