विमानाची जमीन

घरातल्या विजेची आर्थिंगची तार आपण जमिनीत पुरतो. आकाशातल्या विमानाने ती कुठे पुरावी?

पहिली विमाने लाकडाची अन् कापडाची. लाकडातून वीज वाहत नाही, म्हणून जायला एक आणि परतायला एक अशा दोन तारा लागत. जर्मनीत ह्यूगो युंकर्सने १९१५ साली पोलादी पत्र्याचे विमान उडवले, १९१९ साली हलक्या ड्युरॅल्युमिनचे. अशा धातूच्या अंगातून वीज परतू शकते. मोटारीत परतते तशीच. तार वाचते, वजन वाचते.

१९६४ साली अमेरिकेत जॉन थॉर्प यांच्या आराखड्याचे टी-१८ हे ॲल्युमिनियमचे विमान उडाले. हौशी माणसाने घरी बांधावे असे ते विमान. इथे काळजी घ्यायची ती बांधणाऱ्यानेच. इंजिन रबरी गाद्यांवर बसते, अन् रबर वीज अडवते. म्हणून इंजिन आणि सांगाडा जाड पट्टीने जोडतात. ही पट्टी सुटली, तर स्टार्टरचा जबर प्रवाह इंजिनाचा वेग सांभाळणाऱ्या बारीक तारेतून वाट काढतो. ती तार जळू शकते. ॲल्युमिनियमवरचा पापुद्राही वीज अडवतो, तेव्हा सांधा घासून स्वच्छ करावा लागतो.

सारे अंग धातूचे असले, तरी विजेची परतीची वाट माणसानेच नीट बांधायची असते.