मुक्कामाचं गाव

दिवाळी झाली, चातुर्मास संपला, की आमच्या बेळगावकडे विहार सुरू होतात. कुठल्या तरी संघाच्या माताजी येणार असा निरोप आला की घरोघरी चौक्याची धांदल उडते. आई यात तरबेज होती. सोवळ्यानं पाणी भरायचं, गाळायचं, उकळायचं, पीठ त्याच दिवशीचं. मग कळस हातात घेऊन दारात उभं राहायचं. दिवसातून एकदाच आहार, तोही ओंजळीत; त्यामुळे माताजींचं पडगाहन आपल्या दारात झालं की आईचा चेहरा दिवसभर उजळलेला असे. दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर ती त्यांना वेशीपर्यंत पोचवायला जाई. एकदा परतताना म्हणाली, "ह्या रस्त्याला पुढं काय काय लागतं गं?" मी तेव्हा कॉलेजात होते. इतिहासाची विद्यार्थिनी, पण मलाही सांगता आलं नाही.

आईचा तो प्रश्न मला परवा आठवला तो अमेरिकेतल्या एका गावाबद्दल वाचताना. गावाचं नाव दमास्कस. सीरियातलं नव्हे, हे व्हर्जिनिया राज्यात, टेनेसीच्या सीमेला लागून. म्हणजे आमच्यासारखंच सीमेवरचं! वस्ती हजाराच्या आतली. पूर्वी त्याला मॉक्स मिल म्हणत. 1886 साली इम्बोडेन नावाच्या माजी सेनाधिकाऱ्यानं नाव बदललं. इथं लोखंड सापडेल, पोलाद बनेल, जुन्या दमास्कससारखी कीर्ती होईल, असा त्याचा हिशोब. तो काही जमला नाही. पुढे रेल्वे आली, जंगलं तोडून लाकडाचा धंदा झाला, लाकूड संपलं, आणि 1977 मध्ये शेवटची गाडीही गेली. अशी कितीतरी गावं इतिहासातून पुसली जातात. हे टिकलं, कारण त्याच्या मुख्य रस्त्यावरून पायवाट जाते.

ही अपॅलाचियन ट्रेल. जॉर्जियापासून मेनपर्यंत चौदा राज्यांतून जाणारी, 1937 साली पूर्ण झालेली, आज साडेतीन हजार किलोमीटरची. डोंगरातून साडेसातशे किलोमीटर चालून माणसं दमास्कसला उतरतात. अंगाला वास, बुटांच्या चिंध्या, पिशवीत मूठभर दाणे. आधी अंघोळ, मग कपडे धुणं, मग पोटभर जेवण. पोस्टात आपल्याच नावानं आधी पाठवून ठेवलेलं खोकं सोडवायचं, पुढच्या आठवड्याचा शिधा भरायचा. तिथल्या मेथडिस्ट चर्चनं वाटसरूंसाठी एक धर्मशाळाच चालवली आहे. 1987 पासून दर मे महिन्यात या चालणाऱ्यांची जत्रा भरते. 2024 च्या सप्टेंबरात हेलीन वादळाच्या पुरानं गावाची आणि जुन्या रेल्वेमार्गावर केलेल्या वाटेची दैना केली, तेवढं सोडलं तर गाव आता या पाहुण्यांवरच जगतं.

पण माझं मन अडकलं ते 1955 सालात, एमा गेटवूड याच वाटेनं गेली तिथं.

वय 67. अकरा मुलांची आई, तेवीस नातवंडांची आजी. घरी काय सांगितलं? जरा फिरून येते! बस्स. पाठीवर स्वतः शिवलेली जाड कापडाची पिशवी, तीही एका खांद्याला. आत पांघरूण, पावसासाठी प्लास्टिकचा न्हाणीघराचा पडदा, बेदाणे, शेंगदाणे (आणि डबाबंद मांसही, ते आपण सोडून देऊ). पायात साधे कॅनव्हासचे बूट. तंबू नाही.

मासिकात तिनं वाचलं होतं की वाट सोपी आहे, ठिकठिकाणी निवारे आहेत. आदल्या वर्षी ती मेनकडून निघाली होती. चुकली, चष्मा फुटला, परतावं लागलं. तरी पुन्हा निघाली. निवारे कुठे होते, कुठे नव्हते. मग वाटेवरच्या गावात शिरून दार वाजवायचं आणि झोपायला जागा मागायची. कुणी घरात घेतलं, ताट वाढलं. कुणी दार लावून घेतलं. तेव्हा ती पानांच्या ढिगावर झोपली.

तुम्ही म्हणाल, या वयात हा हट्ट कशाला? तिचं आधीचं आयुष्य वाचा. एकोणिसाव्या वर्षी लग्न. नवरा मारायचा. तेही चापट-बुक्की नव्हे; दात तोडले, बरगडी मोडली. एका भांडणानंतर कोठडीत टाकलं ते तिलाच. तेव्हाही ती मार चुकवायला रानात जायची. 1941 साली घटस्फोट घेतला. म्हणजे वाट तिला उतारवयात सापडली नव्हती, जुनीच ओळख होती.

व्हर्जिनियातच एका वार्ताहराला तिचा पत्ता लागला आणि बातमी छापली गेली. आई नक्की कुठे आहे हे मुलांना वर्तमानपत्रांमुळे कळलं. ऑगस्टच्या दोन वादळांतून जाऊन 25 सप्टेंबरला ती कटाडिन शिखरावर पोचली, निघाल्यापासून 146 व्या दिवशी. एका मोसमात ती सगळी वाट एकटीनं चालणारी पहिली बाई. पुढे 1957 मध्ये पुन्हा गेली. गंमत म्हणजे 'का चाललात' याचं तिनं दर वेळी वेगळं उत्तर दिलं. नवऱ्याविषयी मात्र विचारणाऱ्यांना ती विधवा असल्याचं सांगे.

मला माझ्या आईला कुणी मारलं असं म्हणायचं नाही. वडील भले होते. पण शेकडो चालणाऱ्यांना तिनं खाऊ घातलं आणि वेशीपुढचा दगड कधी ओलांडला नाही, हे मला आता सलतं. आणि विचारलं कुणी? मीही नाही.

गेल्या कार्तिकात माताजींना पोचवायला गेले, ती वेशीपाशी थांबले नाही. सूनबाईला फोन केला, "दुपारचं तुमचं तुम्ही बघा." अकरा किलोमीटर चालले. रस्त्याला ऊस लागला, एक खडीची खाण, मारुतीचं देऊळ, एक चढ, आणि मग गाव. तिथल्या बायका कळस घेऊन उभ्या होत्या. माताजींचा आहार झाल्यावर एका काकूंनी माझे पाय बघितले आणि काही न विचारता बादलीभर कढत पाणी आणून ठेवलं.