वाळल्या पाल्याचा हिशेब

जपानची नोरी, म्हणजे कागदासारखे वाळवलेले समुद्री शेवाळ, आज जगभर नावाजली जाते. समुद्रापासून कोसो दूर असलेल्या बिलोली तालुक्याच्या काळ्या रानात वाळवून टिकवलेल्या पाल्याचे तेच काम हरभऱ्याच्या भाजीने केले. पण तिच्या वाट्याला दुष्काळातले, गरिबाचे खाणे एवढीच ओळख आली. ही ओळख इतिहासाला धरून नाही. हरभरा जमिनीतल्या ओलीवर येतो. पाऊसच दगा देतो, तेव्हा ओल नसते आणि खुडायला पालाही नसतो. म्हणजे १९७२ च्या दुष्काळासारख्या साली कुणाच्या घरी ही भाजी असलीच, तर ती आधीच्या बऱ्या सालाची शिल्लक. तिचे मूळ टंचाईत शोधण्यापेक्षा रब्बीच्या शेतीत शोधावे. पेरणीनंतर महिनाभराने, फुलोऱ्याच्या आधी शेंडे खुडले की झाडाला जास्त फांद्या फुटतात आणि घाटेही वाढतात. पिकाच्या भल्यासाठी खुडलेला पाला घरात आला, वाळला आणि पावसाळ्याच्या तोंडावर, रानात हिरवे काही नसताना, चुरून डाळीत शिजला. पानांवरच्या आंबीमुळे त्याला अंगचीच आंबट चव असते. मग लसणाची फोडणी आणि ज्वारीची भाकरी पुरते.

वाळवल्याने सत्त्व जाते, हा आक्षेप अर्धा खरा आहे. क जीवनसत्त्व बरेचसे जाते. लोह, कॅल्शियम, प्रथिने आणि चोथा मात्र टिकतो, आणि पाणी उडाल्याने वजनाच्या मानाने वाढलेला दिसतो. पण ताटात पडते ती मूठभरच, शिवाय पानातले ऑक्झॅलिक आम्ल कॅल्शियम पुरते अंगी लागू देत नाही. नोरीशी बरोबरी आयोडीनपाशी तर पुरतीच संपते. समुद्राच्या पाण्यातले आयोडीन शेवाळात उतरते, आपल्या पाल्यात ते नगण्य. ती उणीव भाजीने भरणारी नव्हतीच. तिच्यातून होणाऱ्या गलगंडाच्या नियंत्रणाचा कार्यक्रम देशात १९६२ मध्ये सुरू झाला आणि आयोडीनयुक्त मीठ हाच त्यावरचा उपाय ठरला.

आता बारमाही भाजी मिळते, मग वाळवायचे कशाला, असे विचारले जाते. बाजारामुळे गरज घटली, हे मान्य. तरी घाटेअळीसाठी फवारलेला पाला खाण्याजोगा उरत नाही आणि मजुरी देऊन शेंडे खुडणे अनेकांना परवडत नाही, हेही तितकेच खरे. त्यामुळे या भाजीचे नुसते गुण गाऊन ती परत येणार नाही. फवारणीविना राखलेल्या चार ओळी आणि वेळेवरची खुडणी असेल, तरच ती पुन्हा घरात येईल.