खंडशर्करा ते पेपरमिंटची कांडी

काशीत दशाश्वमेध घाटाकडून दक्षिणेस निघाले, की शीतला घाटानंतर अहिल्याबाई घाटाच्या पायऱ्या लागतात. हा पूर्वीचा केवलगिरी घाट. काशी विश्वनाथाच्या मंदिराची 1780 मध्ये पुनर्बांधणी करविणाऱ्या पुण्यश्लोक अहिल्याबाई होळकरांचे नाव पुढे त्यास लाभले. या पायऱ्यांवरून वर येणाऱ्या यात्रेकरूच्या हाती जी प्रसादाची पुडी असते, तिच्यात बहुधा बत्तासे आणि इलायचीदाणे असतात. शाळेच्या दाराशी बरणीतून मिळणाऱ्या लाल-पांढऱ्या पेपरमिंटच्या कांडीशी या पुडीचे नाते फार जवळचे आहे. आपण ते सहसा ओळखत नाही, इतकेच.

नात्याचा पहिला पुरावा भाषेचा. कौटिलीय अर्थशास्त्रात उसाच्या रसापासून होणाऱ्या पदार्थांत फाणित, गूळ, मत्स्यण्डिका, खण्ड आणि शर्करा असे प्रकार सांगितले आहेत. यांतला ‘खण्ड’ फारसीत ‘कंद’ झाला, अरबीत ‘कंदी’, आणि फ्रेंचमार्गे इंग्रजीत ‘कँडी’ होऊन परत आपल्याकडे आला. शब्दामागोमाग विद्याही प्रवासाला गेली होती. इ. स. 647 च्या सुमारास चीनच्या तांग सम्राट ताइत्सुंगाने साखर रांधण्याची पद्धत शिकून घेण्यासाठी मगधात माणसे धाडल्याची नोंद चिनी इतिहासग्रंथांत आहे. काशीवरून वाहत गेलेली गंगा पुढे ज्या प्रदेशात शिरते, तोच हा मगध.

पेपरमिंटची वनस्पती मात्र आपली नव्हे. पुदिन्याच्या दोन जातींच्या संकरातून ती इंग्लंडमध्ये उद्भवली. सतराव्या शतकाच्या अखेरीस जॉन रे या वनस्पतिशास्त्रज्ञाने तिची दखल घेतली आणि 1753 मध्ये लिनीअसने तिला शास्त्रीय नाव दिले. तोवर वेस्ट इंडीजमधील मळ्यांतून गुलामांच्या श्रमावर पिकलेली साखर युरोपात स्वस्त होऊ लागली होती. मुलांच्या खाऊचा इतिहास लिहिताना हे वाक्य गाळण्याचा मोह होतो, पण ते गाळता येत नाही. साखर स्वस्त झाली म्हणूनच ती राजवाड्यातून व औषधाच्या कपाटातून निघून मुलांच्या मुठीत आली.

या कांडीची सर्वांत ठळक हकीकत स्वीडनमधील ग्रेन्ना या लहानशा गावची आहे. अमालिया एरिक्सन या तरुण स्त्रीचा पती 1858 मध्ये वारला. पदरी तान्ही मुलगी. 1859 मध्ये तिने नगरप्रशासनाकडून मिठाई करून विकण्याचा परवाना मिळविला आणि पेपरमिंटच्या लाल-पांढऱ्या कांड्या करून संसार उभा केला. ती 1923 मध्ये वारली, तोपर्यंत कृती तिने कोणास सांगितली नाही म्हणतात. अहिल्याबाईंना 1754 मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात वैधव्य आले. दोघींच्या अधिकारात जमीन-अस्मानाचे अंतर. तरी काशीच्या घाटावर उभे राहून ग्रेन्नाची आठवण होणे अगदीच अप्रस्तुत ठरू नये.

कृती ऐकावयास सोपी आहे. साखर व पाणी एकत्र उकळावयाचे, त्यात थोडे आम्ल घालावयाचे. ग्रेन्नात ते शिरक्याचे असते, आपला हलवाई लिंबू पिळतो. आम्लामुळे साखरेचा काही अंश फुटून ग्लुकोज व फ्रुक्टोज होतो आणि पाक पुन्हा रवाळ होत नाही. एकतारी, दोनतारी, गोळीबंद या पायऱ्या ओलांडून पाक साधारण 150 अंश सेल्सियसला पोचला, की त्याचा थेंब गार पाण्यात पडताच काचेसारखा कडकन मोडतो. असा पाक तेल लावलेल्या फरशीवर ओततात आणि कडा आत दुमडीत जरासा निवू देतात. पेपरमिंटचे तेल तेव्हाच घालतात, कारण उकळत्या पाकात ते उडून जाईल. एक लहान भाग लाल रंगवून बाजूस ठेवतात. उरलेला गोळा आकड्याला अडकवून ओढावयाचा, दुमडावयाचा, पुन्हा ओढावयाचा. दर ओढीबरोबर हवेचे सूक्ष्म बुडबुडे आत कोंडले जातात, प्रकाश विखुरतो आणि पिवळसर पारदर्शक पाक रेशमासारखा पांढरा होतो. त्यात पांढरा रंग मुळीच नसतो. मग त्यावर लाल पट्ट्या चिकटवून सगळा गोळा पिळत, लांबवत दोरासारखा करतात व तुकडे पाडतात. तुकडे घट्ट होईपर्यंत फळीवर लाटत राहावे लागते, नाहीतर ते एका बाजूने चपटे होतात. हे सर्व पाक ऊन असतानाच उरकावयाचे असते. हात भाजतात, पण थांबता येत नाही.

उत्तर हिंदुस्थानातील रेवडीवाला भिंतीतल्या खुंटीवर पाक टाकून तो असाच ओढतो. पांढरा झाला की तुकडे पाडून तिळात घोळवतो. पेपरमिंटच्या कांडीतून सुवास व लाल पट्टा वगळला, तर उरते ती जवळजवळ रेवडीच. बत्ताशात हवा भरण्याचे काम सोडा करतो. गुढीपाडव्याच्या गाठीत ओढणे नाही. लाकडी साच्यात दोरा ठेवून पाक ओततात. एकाच पाकाची ही भावंडे.

महाराष्ट्रात गोळ्यांना कारखाना लवकर मिळाला. 1929 मध्ये विलेपार्ल्यात पार्लेचा कारखाना निघाला, तर वालचंद हिराचंदांनी मालेगावजवळ उभारलेल्या रावळगावच्या साखर कारखान्याने पुढे गोळ्या काढल्या. त्या गोळ्या इतक्या घरोघरी पोचल्या, की अनेक गावांत ‘रावळगाव’ हेच गोळीचे नाव झाले. 2024 मध्ये त्या गोळ्यांची नाममुद्रा व कृती 27 कोटी रुपयांना एका मोठ्या उद्योगसमूहाकडे गेली.

पेपरमिंट हा शब्द मराठीत पुढे कोणत्याही गोळीला लागू लागला, मग तिच्यात पुदिना असो वा नसो. काशीत ‘पिपरमिंट’ म्हणजे पानात घालावयाचा थंडाव्याचा खडा. त्यातले मेंथॉल आता परदेशातून आणावे लागत नाही. बाराबंकीसारख्या उत्तर प्रदेशातील जिल्ह्यांत मेंथा पुदिन्याची शेती पसरली आणि भारत मेंथॉलचा प्रमुख निर्यातदार झाला. बनारसी पानाला 2023 मध्ये भौगोलिक निर्देशांक मिळाला. ग्रेन्नाच्या कांडीलाही युरोपीय संघाने असेच संरक्षण दिले असून, तेथील दुकानांत काचेपलीकडे कारागीर पाक ओढताना मुले टाचा उंचावून पाहतात. आपला रेवडीवाला तेच काम भट्टीच्या धगीत, पाठीमागच्या खोलीत करतो. त्याला पाहावयास कोणी तिकडे जात नाही, आणि त्याची मुले बहुधा खुंटीला हात लावीत नाहीत.